रिझोल्यूशन १०२४ च्या वर जाईना? फॉरमॅट मारायच्या आधी केबल बघा

पीक विम्याचे फॉर्म भरायचे दिवस होते अन् गंगाखेडहून दाजींचा फोन आला, "अरे नवा बावीस इंची मॉनिटर आणला, तर अक्षरं ही मोठमोठी अन् ताणलेली दिसायलेत, सबमिटचं बटण खाली कुठं गायबच झालंय, बाहेर माणसं खोळंबलीत." दाजींचं सेवा केंद्र, कॉम्प्युटर जुना, जी४१ चिपसेटचा बोर्ड, मागं मॉनिटर जोडायला फक्त निळं व्हीजीए पोर्ट. सेटिंगमधी रिझोल्यूशन, म्हणजे स्क्रीनवर आडवे-उभे किती ठिपके, १०२४ बाय ७६८ च्या वर काही दिसतच नव्हतं. तिथला हार्डवेअरवाला बघून म्हणला की ग्राफिक गेलंय, फॉरमॅट मारून बघू, नाहीतर ग्राफिक कार्ड घ्या. मी म्हणलं दाजी, थांबा, आधी जुन्या मॉनिटरची केबल काढून ह्याला लावा. लावली. रिस्टार्ट केलं अन् १९२० बाय १०८० आपोआप आलं.

आता हे काहून झालं ते सांगतो, कारण निम्म्या केसेस ह्याच असतात. मॉनिटरच्या पोटात एक छोटी चिप असते, तिच्यात त्याची कुंडली लिहिलेली असते, कोणती कंपनी, कोणतं रिझोल्यूशन, किती हर्ट्झ (सेकंदाला चित्र किती वेळा ताजं होतं). तिला ईडीआयडी म्हणतात, मूळ भाग फक्त १२८ बाइटचा. ग्राफिक कार्ड (किंवा बोर्डावरचंच ग्राफिक) ही कुंडली केबलमधूनच वाचतं अन् तेवढेच पर्याय विंडोजला दाखवतं. व्हीजीएच्या १५ पिनांपैकी १२ अन् १५ नंबरच्या पिना ह्याच कामाच्या. स्वस्तातल्या केबलमधी नेमक्या ह्याच तारा जोडलेल्या नसतात. चित्र येतं, कारण लाल हिरव्या निळ्याच्या पिना वेगळ्या, पण समोर कोणता मॉनिटर हाय हे कार्डाला कळतच नाही, मग ते भिऊन १०२४ वर थांबतं.

तपासायचं कसं? डिव्हाइस मॅनेजर उघडा, मॉनिटर्समधी बघा. 'जेनेरिक पीएनपी मॉनिटर' किंवा मॉडेलचं नाव असल तर कुंडली पोचलीय. 'नॉन-पीएनपी' दिसलं की केबलवर संशय घ्या. नुसत्या डोळ्यानं पिना मोजून उपयोग नाही, पिन दिसती पण आत तार नसती, अन् उलट ९ नंबरची पिन तर चांगल्या केबलमधी पण कधीकधी नसते तरी सगळं चालतं. दुसरी केबल लावून बघणं हाच खरा इलाज. मधी एक्सटेन्शन, स्प्लिटर नाहीतर स्विच असल तर तो पण काढून थेट लावा.

केबल बदलून पण तसंच असल तर त्याच डिव्हाइस मॅनेजरमधी वर डिस्प्ले अडॅप्टर बघा. 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' लिहिलेलं असल तर ड्रायव्हरच, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअरच, नाही. नेट लावून विंडोज अपडेट चालवा, जुन्या चिपचे ड्रायव्हर बऱ्याचदा तिथून येतात, नाहीतर कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून घ्या. ड्रायव्हर शोधून देणारी ती फुकट सॉफ्टवेअरं मात्र टाकू नका, एक ड्रायव्हर देतात अन् चार जाहिराती बसवतात.

तिसरी गोष्ट म्हणजे पोर्टाची ताकद, इथं कितीबी डोकं लावा, उपयोग नाही. डीव्हीआय हे मॉनिटर जोडायचं अजून एक पोर्ट, त्याचं सिंगल लिंक १६५ मेगाहर्ट्झपर्यंतच (हा सिग्नलचा वेग) जातं. १९२० बाय १०८० ला ६० हर्ट्झवर १४८.५ मेगाहर्ट्झ लागतात, म्हणजे बसतं. २५६० बाय १४४० ला कमीतकमी २४१ च्या आसपास लागतात, तिथं ड्युअल लिंक पाहिजे, अन् कार्ड ड्युअल लिंकचं असलं तरी डीव्हीआय टू एचडीएमआयचा साधा जोड लावला की बहुतेक वेळा सिंगलच राहतं. एचडीएमआय १.४ वालं कार्ड फोर-के दाखवतं पण ३० हर्ट्झवर, माउस ओढल्यासारखा चालतो. त्यापेक्षा १०८० वर ठेवलेलं बरं.

कन्व्हर्टर घेताना दिशा बघा. व्हीजीए टू एचडीएमआय वेगळा अन् एचडीएमआय टू व्हीजीए वेगळा, उलटा लावून चालत नाही. सीपीयूला फक्त व्हीजीए अन् मॉनिटरला फक्त एचडीएमआय असल तर पहिला घ्या, तो बऱ्याचदा यूएसबीवरून करंट घेतो, ती वायर लावायची राहिली की स्क्रीन काळीच.

स्क्रीनवर 'आउट ऑफ रेंज' आलं तर घाबरू नका, काही जळालेलं नाही. जुन्या डब्या मॉनिटरला ८५ हर्ट्झ लावलेलं असायचं, ते तसंच राहिलं अन् एलसीडी जोडला की असं होतं, एलसीडीला ६० लागतं. सेटिंग आत्ताच बदललं असल तर काही न दाबता १५ सेकंद थांबा, विंडोज स्वतःच मागं येतं. नाहीतर दुसरा मॉनिटर नाहीतर घरातला टीव्ही लावून तिथून कमी करा. विंडोज ७ असल तर चालू करताना एफ८ दाबून लो रिझोल्यूशन व्हिडिओ घ्या.

टीव्हीलाच मॉनिटर केला असल अन् टास्कबार कडेनं कापलेला दिसायला असल तर तो रिझोल्यूशनचा दोष नाही, ओव्हरस्कॅन म्हणतात त्याला. टीव्हीच्या रिमोटवरून पिक्चर साइजमधी 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' करा. अन् जुन्या १३६६ बाय ७६८ च्या मॉनिटरला १३६० दिसलं तर सोडून द्या, १३६६ ला ८ नं भाग जात नाही म्हणून काही जुनी कार्डं १३६० च देतात.

व्हीजीएवर रिझोल्यूशन बरोबर येऊन पण अक्षरं पुसट वाटली तर मॉनिटरचं 'ऑटो' बटण एकदा दाबा. दाजींना हे सांगायचं राहिलं होतं, दोन दिवसांनी परत फोन आला, "अरे सगळं दिसायलंय, पण चष्मा लावल्याशिवाय वाचता येईना."