दोन याद्यांत एकच मी

साताऱ्याहून पुण्याला आल्यावर घाईत मतदार यादीत नाव घालायला नमुना ६ हा अर्ज भरला. तो नव्या मतदारासाठी. पत्ता बदलायला २०२२ पासून नमुना ८ लागतो, हे मला कुठं ठाऊक! झालं, नाव दोन्हीकडे. कायद्याला हे चालत नाही. म्हणून गावचं नाव काढायला नमुना ७ भरला. पण मतदार ओळखपत्राचा क्रमांक टाकला की 'नोंद सापडली नाही'. डोळे फाडून पाहिलं, तर इंग्रजी 'ओ'च्या जागी मी शून्य मारत होतो. पहिली तीन अक्षरं, मग सात आकडे, असा तो क्रमांक असतो.

पुढे बीएलओ (घरोघरी जाऊन मतदार यादी तपासणाऱ्या) बाई गावच्या घरी गेल्या. "मुलगा इथं राहत नाही ना?" आई म्हणाली, "दिवाळीला येतो की!" तिला फोनवर समजावलं, तेव्हा कुठं नाव निघालं.