टॉवर नसलेल्या छोट्या विमानतळाची सकाळची फेरी

ग्रामीण भागातल्या छोट्या सार्वजनिक विमानतळावर बहुतेकदा टॉवर, म्हणजे विमानांना सूचना देणारा नियंत्रण कक्ष, नसतो. असतो एखादा माणूस आणि त्याची गाडी. वरून येणाऱ्या वैमानिकाला धावपट्टी रिकामी दिसते. ती उतरण्याजोगी आहे का, हे जमिनीवरूनच कळते. म्हणून धावपट्टीच्या पाहणीची फेरी पहिल्या विमानाआधी, उजाडताच मारावी. तेव्हा ऊन तिरपे असते आणि दुपारी नजरेला न पडणारे उंचवटे सावलीमुळे उठून दिसतात.

गाडीवर फिरता पिवळा दिवा, हातात विमानतळाच्या फ्रिक्वेन्सीवर लावलेला रेडिओ, काचा खाली. पट्टीवर शिरण्याआधी आणि बाहेर पडल्यावर, दोन्ही वेळा रेडिओवर सांगा. पण त्यावर विसंबू नका: काही जुन्या विमानांत रेडिओच नसतो, आणि भलत्याच फ्रिक्वेन्सीवर बोलणारे वैमानिक काही दुर्मीळ नाहीत. त्यामुळे गाडी उतरणाऱ्या विमानाला तोंड करून चालवा. एक बाजू पाहून झाली की पट्टीबाहेरून परत या आणि दुसरी बाजूही त्याच दिशेने पाहा.

सर्वांत जास्त वेळ पट्टीच्या दोन्ही टोकांना द्या. विमान तिथे थांबून इंजिनाचा जोर वाढवते. पुढे चाक असलेल्या लहान विमानात प्रोपेलर आणि जमीन यांत किमान १८ सेंमी अंतर हवे असा विमानांच्या प्रमाणीकरणाचा नियम अमेरिकेत २०१७ पर्यंत होता. वीतभरच म्हणा ना. एवढ्या अंतरावरून सुटी खडी सहज वर ओढली जाते आणि पात्याच्या कडेला खाच पडते. त्याच खाचेतून पुढे तडा जाऊ शकतो. म्हणून टोकांची खडी रोज झाडा. नट, तारेचे तुकडे सापडले तर फेकू नका. कुठे आणि कधी सापडले ते लिहून डबीत ठेवा. एखाद्या विमानाचा सुटा भाग असेल तर शोध तिथूनच लागतो.

डांबरातल्या भेगेत गवत उगवले असेल, तर पाणी आत जाते आहे असे समजा. भेग साफ करून पूर्ण कोरडी झाल्यावरच भरा. ओल्या भेगेत भरलेला मसाला थोड्याच दिवसांत सुटतो आणि त्याचाच कचरा होतो. कडेची माती पावसाने वाहून गेली की पायरी तयार होते. ७-८ सेंमीची पायरी लहान चाकाला अडवायला पुरते. उलटा प्रकारही होतो आणि तो हमखास नजरेतून सुटतो: कडेचे गवत आणि माती वर्षानुवर्षे साचून डांबरापेक्षा उंच होते, मग पाणी पट्टीवरच तुंबते. पावसानंतर डबक्याच्या कडेने खडूची रेघ मारा आणि मोजपट्टीने खोली मोजा. ३ मिमीच्या वर गेली की ते साचलेले पाणी, वैमानिकाला कळवायलाच हवे.

पट्टी गवताची असेल तर साधी मोटार ताशी ५० किमीने न्या. आतल्या माणसाला हिसके बसले तर खड्डे शोधून बुजवा. बिळे मात्र पायी चालल्याशिवाय सापडत नाहीत.

विंडसॉक, म्हणजे वारा दाखवणारा खांबावरचा कापडी मोजा, हाताने फिरवून पाहा. बेअरिंग अडकले असेल तर तो कालचाच वारा दाखवत बसतो. नेहमीच्या मापाचा मोजा १५ नॉट (ताशी सुमारे २८ किमी) वाऱ्यात पूर्ण ताठ होतो. फाटलेला किंवा भिजलेला तेवढ्याच वाऱ्यात लोंबतो आणि वारा कमी असल्याचा भास होतो.

इंधनाच्या टाकीच्या तळातून रोज सकाळी स्वच्छ काचेच्या बरणीत नमुना घ्या. पाणी जड, म्हणून ते खाली बसते आणि मधली रेघ दिसते. इथे एक सापळा आहे: बरणीत नुसतेच पाणी आले तर रेघ दिसणारच नाही आणि नमुना छान स्वच्छ वाटेल. पिस्टन इंजिनाचे १०० एलएल हे पेट्रोल निळे असते, त्यामुळे शंका लवकर येते. जेट इंधन रंगहीन किंवा फिकट पिवळसर, तिथे फसगत होते. थेंबभर पाणी टाका. ते मिसळून गेले तर बरणीत पाणीच आहे. टँकर टाकीत रिकामा झाल्यावर इंधन स्थिरावू द्या आणि मगच पुन्हा नमुना घ्या. फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातला फरक एकाएकी कमी झाला तर खूश होऊ नका, आतला फिल्टर फाटलेला असू शकतो. जेट इंधनाच्या नळीचे रुंद तोंड काढून अरुंद तोंड बसवण्याचा उद्योग तर कधीच करू नका. पिस्टन विमानात जेट इंधन जाऊ नये म्हणूनच ते रुंद ठेवलेले असते.

दिवे अंधार पडल्यावर तपासा: कडेचे पांढरे, सुरुवातीचे हिरवे, शेवटचे लाल, टॅक्सीवेचे (पट्टीकडे ये-जा करण्याच्या रस्त्याचे) निळे. लगतचे दोन बंद असतील तर काम उद्यावर ढकलू नका.

दोष सापडला की आधी कळवा, मग फावडे उचला. नोटॅम (वैमानिकांसाठीची अधिकृत सूचना) द्या, गरज पडल्यास पट्टी बंद करून मोठी फुली टाका. दुरुस्ती झाल्याबरोबर नोटॅम मागे घ्या. जुनी सूचना तशीच राहिली की वैमानिक पुढची खरी सूचनाही वाचत नाहीत.