पीच रंग लावताय? आधी रात्री ट्यूबलाइट लावून बघा

पीच म्हणजे कुठला, तर आपली अबोली असते ना, तिच्यात भरपूर दूध ओतलं की होईल तो, रंग आहे की नाही असं वाटणारा. पँटोन या रंगांच्या शेड ठरवणाऱ्या कंपनीने २०२४ साठी पीच फझ हा कलर ऑफ द इयर केला आणि तेव्हापासून जो तो पीच पीच करतोय. पण भिंतीला तो जसाच्या तसा लावू नका हं, भिंतीला त्याच्यापेक्षा बराच फिका लागतो.

हे मी स्वतः आपटून शिकलेय. दुकानात शेडकार्डवरचा दोन बोटांचा चौकोन बघून बेडरूमचा रंग ठरवला, दुसरा हात वाळला आणि आई दारातूनच म्हणाली, बालवाडी केलीस की काय? होतं काय की चार भिंती एकमेकींवर रंग टाकतात, त्यामुळे खोलीत तो कार्डापेक्षा गडदच दिसतो. म्हणून आवडला त्याच्यापेक्षा एक-दोन घरं फिका घ्या, आणि गुलाबीकडे झुकणारा नको, थोडा मातकट, बेजकडे जाणारा बघा.

मग सॅम्पलचा छोटा डबा आणा आणि दोन बाय दोन फुटाचे दोन पट्टे मारा, दोन-दोन हात द्या, एक खिडकीसमोरच्या भिंतीवर आणि एक खाली फरशीला टेकून, कारण खरं भांडण फरशीशीच असतं. आपल्याकडे बहुतेक फ्लॅटमध्ये पिवळट व्हिट्रिफाइड टाइल्स, त्यांच्या शेजारी गुलाबी पीच लगेच मळका दिसायला लागतो. पूर्ण वाळल्याशिवाय मत देऊ नका, ओला रंग वेगळाच दिसतो. सकाळी बघा, चारला बघा आणि रात्री दिवे लावून बघा. पांढऱ्या ट्यूबखाली (६५०० केल्विनवाली) पीच आजारी दिसतो, पिवळसर ३००० वाल्या एलईडीत तोच जिवंत होतो, त्यामुळे कधीकधी रंग नाही, बल्ब बदलायचा असतो! पश्चिमेची खिडकी असेल तर संध्याकाळी भिंत अक्षरशः नारिंगी होते, तिथे अजून फिका. उत्तरेच्या थंड उजेडात मात्र हा रंग झकास.

ओल असेल तर आधी तिचं बघा, नाहीतर पावसाळ्यात पोपडे येणारच. भेगा लांबीने (म्हणजे पुट्टीने) भरा, पॉलिश पेपर मारा, प्रायमर, मग दोन हात. हॉलला मॅट (बिनचकाकीचं) छान दिसतं पण पोरं असतील तर पुसता येणारं, किंचित चकाकीचं सॅटिन बरं. छत ऑफव्हाइट ठेवा, चुन्यासारखं पांढरंफटक नको.

बाकी सामान सोपंय. लालसर सागवानी कपाट असेल तर जरा जपून, दोघं मिळून फार लाल होतं, मध्ये ऑफव्हाइट सुती पडदे सोडा. वेत, पितळ, टेराकोटाच्या कुंड्या मस्त जातात, आणि मेंदी हिरवा कुठेतरी हवाच, माझ्याकडे खणाचे दोन हिरवे अभ्रे आहेत, तेवढ्यावर हॉल निभावला. पीच भिंत, पीच पडदे, पीच चादर असं मात्र करू नका प्लीज.

आणि हो, सगळे डबे दुकानात एकदाच टिंट करून (म्हणजे शेड मिसळून) घ्या, नंतर आणलेल्यात उन्नीस-बीस फरक पडतो. अर्धा लिटर उरवा, झाकणावरच्या शेड कोडचा फोटो काढून ठेवा, आमच्याकडे तिसऱ्याच आठवड्यात स्विचबोर्डखाली पेन्सिलीने हत्ती आला होता.