काळ्या रानात कॅम्पर ट्रेलर फळ्यांवर लावताना या चुका टाळा

शेतातल्या आखाड्यावर चार-सहा महिने राहायचं म्हणून कॅम्पर ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायची चाकांवरची खोली, आणला, चाकांखाली फळ्या टाकल्या, आणि मिरगाच्या पावसानंतर दार चौकटीला घासायला लागलं. दोष फळीला दिला जातो, पण परभणी-नांदेडकडच्या गोदाकाठच्या भारी जमिनीत तो बहुतेक वेळा मातीचा असतो. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्यामुळे ट्रेलर नुसता खचत नाही, एका अंगाने उचललाही जातो. त्याच्या पोटाखालची माती कोरडी राहते, कडेची आधी भिजते, आणि चाकं नेमकी कडेलाच असतात.

म्हणून सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे फळी थेट काळ्या मातीवर टाकणं. फळी भार पसरवते. मातीचं फुगणं तिला थांबवता येत नाही. ट्रेलरपेक्षा चारही बाजूंनी ६० सेंमी जास्त जागा आखा. वरची ३० सेंमी माती काढा आणि १५ सेंमीच्या तीन थरांत मुरूम भरा. प्रत्येक थर पाणी मारून धुम्मसाने ठोका, म्हणजे ओटा रानापेक्षा १५ सेंमी उंच राहील. इथे पुष्कळांचं एक चुकतं: काळ्या मातीत खणलेला खड्डा हौदासारखा पाणी धरतो. मुरमाच्या तळापासून उताराकडे चर काढला नाही, तर पाणी मुरमात साचून खालची माती महिनाभर भिजत राहते. मोरीचं पाणीही नळीने निदान तीन मीटर लांब, उताराच्या बाजूला सोडा. बालाघाटाच्या माथ्यावरच्या बरड रानात एवढा खटाटोप लागत नाही. जागा सपाट करून ठोकली की भागतं.

आता फळीची जाडी. ट्रेलर १२०० किलोचा असेल आणि त्यातले १२० किलो पुढच्या जॅकवर गेले, तर दोन चाकांवर प्रत्येकी ५४० किलो येतात. टायरमध्ये ५० पीएसआय हवा असेल तर एवढं वजन साधारण १५० चौरस सेंमीवर, तळहाताएवढ्या जागेवर टेकतं. ३० सेंमी रुंद आणि ९० सेंमी लांब फळीने ती जागा २७०० चौरस सेंमी होते, पण फळी वाकली नाही तरच. प्लायवूड किंवा दोन सेंमीची फळी वाकून फक्त मधेच दाबते. पाच सेंमी जाडीची बाभळीची किंवा सागाची फळी घ्या. खाली आडव्या, वर उभी, असे दोन थर द्या. टायरचा काठ फळीबाहेर लोंबता कामा नये, नाहीतर टायरच्या आतले धागे तुटतात.

वाळवी लागू नये म्हणून फळीला जुनं इंजिन ऑइल चोपडण्याची पद्धत आहे. ती सोडा. ऑइलने टायरचं रबर खराब होतं आणि ते विहिरीकडेही झिरपतं. फळीचा तळ आणि कापलेली टोकं डांबराने बंद करा, वरची बाजू कोरी ठेवा. फळी प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका. आत पाणी अडकून ती लवकर कुजते.

क्रमही चुकतो. ट्रेलर गाडीला जोडलेला असतानाच खोलगट बाजूच्या चाकाखाली फळी देऊन डावं-उजवं सारखं करा, आतल्या फरशीवर पाणसळ ठेवून. मग दोन्ही चाकांना पुढून-मागून उटी, म्हणजे चाक अडवणारे ठोकळे, लावा आणि त्यानंतरच हूक सोडा. पुढचं-मागचं पुढच्या जॅकने जुळवा. कोपऱ्यांचे चार पाय शेवटी, फक्त हलणं थांबेल इतकेच टेकवा. त्यांच्यावर ट्रेलर उचलला तर चॅसिस, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, पिळते. उटी पक्की असेल तर हँडब्रेक सोडून ठेवा; ओढलेला राहिला तर पावसाळ्यात ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटतात.

विजेकडे अजिबात दुर्लक्ष करू नका. खाली लाकूड, त्यावर रबर, म्हणजे ट्रेलरचा पत्रा जमिनीपासून तोडलेला. वायर कुठे उघडी पडली तर ओल्या जमिनीवर उभं राहून दाराची कडी धरणाऱ्याच्या अंगातून करंट जातो. इलेक्ट्रिशियनकडून चॅसिसला अर्थिंग आणि लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच), दोन्ही करून घ्या. अर्थिंगचा खड्डा मुरमात नको, शेजारच्या काळ्या मातीत घ्या, आणि उन्हाळ्यात त्यात पाणी घालत राहा.

इतकं करूनही दार अडलं, तर आधी गवंड्याच्या पाण्याच्या नळीने चारही कोपरे मोजा. एखादा कोपरा वर आला असेल तर फळी काढू नका. पाणी कुठून मुरतंय ते शोधून वळवा. माती वाळली की तो बराचसा खाली येतो. खचला असेल तर दुसऱ्या चाकाची उटी तपासा, कोपऱ्यांचे पाय सैल करा, कंपनीने दाखवलेल्या जागीच जॅक लावा, जॅकखालीही फळी ठेवा आणि मग थर वाढवा. फळीखाली हात घालण्याआधी ती काठीने ठोकून घ्या. पावसाळ्यात विंचू आणि साप कोरडी जागा शोधत तिथेच येतात.