मंडळीने (चर्चने) मन दुखावले असता उपासनेत विसावा कसा शोधावा

पंचांच्या निवडणुकीवरून पडलेले तट, हिशेबावरून निघालेले वाद किंवा पाळकांचा (मंडळीच्या धर्मगुरूंचा) एखादा तुटक शब्द यांमुळे रविवारची उपासना नकोशी होते, हे मी स्वतः अनुभवले आहे. आमच्या मंडळीतील अशाच एका वादानंतर मी कित्येक महिने घरीच पवित्र शास्त्र वाचत राहिलो. वाचनात खंड पडला नाही, पण जीव ताजातवाना झाला नाही.

परत जाण्याआधी पवित्र शास्त्रातील, करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय सावकाश वाचावा. प्रभुभोजनाच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकरी व प्याला घेण्याच्या विधीच्या वेळी आपण ऐकतो ती भाकरीची व प्याल्याची वचने प्रेषित पौलाने इ.स. ५५च्या सुमारास ज्या मंडळीला लिहून पाठवली, तिच्यात फुटी पडल्या होत्या आणि एकत्र जेवणाच्या वेळी कोणी उपाशी राही, तर कोणी पिऊन मस्त होई. म्हणजे ही वचने कानउघाडणीच्या पत्रातूनच आपल्यापर्यंत आली आहेत. पौलाने त्या मंडळीचे दोष झाकले नाहीत, तसेच प्रभूचे मेजही तिच्यापुढून उचलले नाही. हे मनावर ठसले की ‘मंडळी सुधारल्यावर येईन’ ही आपली अट टिकत नाही.

उपासनेला थोडे आधी जाऊन शांत बसावे. पापकबुलीच्या वेळी इतरांचे अपराध आठवू लागतात. तेव्हा त्या आठवड्यातील स्वतःची एक नेमकी चूक देवापुढे ठेवावी, आणि ज्याच्यावर आपला राग आहे तोही त्याच शब्दांत क्षमा मागत आहे, हे ध्यानात घ्यावे. उपदेश मनाला भिडला नाही, तर त्या दिवशीच्या शास्त्रपाठातील एक वचन घरी न्यावे. पाळकांच्या उणिवांमुळे प्रभुभोजन निष्फळ होते काय, ही शंका जुनीच आहे. संस्कारात देणारा ख्रिस्त असतो, असे उत्तर प्राचीन मंडळीतील धर्मशास्त्री ऑगस्टीन यांनी, अपात्र धर्मगुरूंचे संस्कार निष्फळ मानणाऱ्या डोनॅटिस्ट पंथीयांना दिले होते, आणि मला तेच पुरेसे वाटते.

मात्र विसाव्याच्या नावाखाली अन्याय झाकू नये. वैयक्तिक अपराधासाठी मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातील क्रम पाळावा, म्हणजे आधी एकांतात बोलावे, मग एकदोघांना सोबत न्यावे. पैशाबाबत लेखी हिशेब मागावा. अत्याचार झाला असेल, तर मंडळीतील समझोत्याची वाट न पाहता पोलिसांकडे जावे. अशा पीडितेला त्याच मंडळीत परतण्याचा आग्रह कोणीही करू नये. तिने दुसऱ्या मंडळीत विसावा घेतला, तरी ती ख्रिस्ताला सोडत नाही.

मी परतलो त्या रविवारी, वादात आमच्या विरुद्ध बाजूला असलेल्या एका आजींनी गीताचे पान काढून पुस्तक माझ्यापुढे धरले. गीत नारायण वामन टिळकांचे होते. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडणाऱ्या त्या कवीचे शब्द आम्ही दोघांनी एकाच पुस्तकातून गायिले.