कॉलेजात डुलकी काढताय? या चुका टाळा

बदलापूर-कर्जतहून पहाटेची लोकल पकडून आठच्या लेक्चरला पोचणाऱ्याला दुपारी दोनच्या प्रॅक्टिकलला पेंग येणारच. एक ते तीनच्या सुमारास शरीर तसंही मंदावतं, जेवण केलेलं नसलं तरी. तेव्हा डुलकी जरूर काढा. माझा राग आहे तो ती कशीही काढण्यावर.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ‘वेळ आहे ना, मग तासभर झोपतो’. अर्ध्या तासापुढे झोप गाढ होत जाते आणि त्यातून मध्येच उठवलं की डोकं बराच वेळ ठिकाणावर येत नाही. आमच्या बॅचमधल्या एका हुशार मुलाचं असंच झालं. रात्रभर जागून त्याने जर्नल पूर्ण केलं होतं. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, नंबर उशिराचा, म्हणून रीडिंग रूमच्या मागच्या बाकावर आडवा झाला तो तासाभराने मित्राने हलवून उठवेपर्यंत. तसाच धावत आत गेला, गालावर वहीच्या स्पायरलचे वळ घेऊन. एक्स्टर्नलने, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकाने, त्याचंच जर्नल उघडून चार डायोडच्या सर्किटवर बोट ठेवलं आणि विचारलं, हे काय? ब्रिज रेक्टिफायर. आदल्या दिवशी आम्हाला त्यानेच शिकवला होता. एक शब्द फुटला नाही. बाहेर आल्यावर थोड्या वेळाने कॉरिडॉरमध्ये सगळी उत्तरं घडाघडा सांगत होता, डोळ्यांत पाणी आणून. त्याच्या अभ्यासाचे मार्क त्या एका तासाने खाल्ले, याचं मला अजून वाईट वाटतं.

मी 25 मिनिटांचा अलार्म लावते, त्यातली पाचेक डोळा लागायला. फोन व्हायब्रेटवर, मुठीत. उठल्यावर तोंड धुवायचं, एक जिना चढायचा-उतरायचा आणि पुढच्या कामाआधी पंधरा मिनिटं मोकळी ठेवायची. नासाने लांब पल्ल्याच्या वैमानिकांवर केलेल्या, 1994 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात झोपेसाठी 40 मिनिटं राखून ठेवली होती. प्रत्यक्ष झोप सरासरी 26 मिनिटांची झाली आणि तेवढ्यानेही त्यांची सतर्कता वाढली. तासभर कशाला हवा?

दंडावर डोकं ठेवून झोपू नका, नस दबून हाताला मुंग्या येतात. बॅगेतून लॅपटॉप काढा, वर जर्किन किंवा ओढणीची घडी ठेवा, त्यावर कपाळ टेकवा आणि हात खाली सोडा. बॅगेचा पट्टा पायात अडकवायचा, रीडिंग रूम ओळखीची असली तरी.

कॉफी पिऊन लगेच झोपायची युक्ती खरी आहे, कारण कॅफीन चढायला साधारण वीस-तीस मिनिटं लागतात. पण फर्स्ट इयरची मुलं पहिल्याच आठवड्यात ती रोजची करून टाकतात, हे मला अजिबात पटत नाही. आधी नुसतं डोळे मिटून पडायला शिका. पहिले काही दिवस झोप लागणार नाही, तरी उठू नका.

चारनंतर झोपू नका, रात्रीची झोप उडते. शेवटच्या बाकावर लेक्चरमध्ये तर नकोच: 75 टक्के हजेरी भरते, मान आखडते, डोक्यात काही शिरत नाही.

आणि रात्री सात-आठ तास झोपूनही रोज दुपारी डोळे उघडे राहत नसतील तर डुलकीची वेळ बदलत बसू नका. डॉक्टरांना दाखवा, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या, आणि घोरत असाल तर तेही सांगा.