स्वेटर, फेस आणि पारा: किडनी प्रोटिओमिक्समध्ये येऊ पाहणाऱ्यांसाठी

"मॅडम, मास स्पेक शिकायचंय. कुठे चान्स मिळेल?" मास स्पेक, म्हणजे रेणूंचं वस्तुमान मोजून ते ओळखणारी मास स्पेक्ट्रोमेट्री, शिकू पाहणाऱ्या एमएस्सीच्या मुलामुलींचा हा फोन दर उन्हाळ्यात येतो. मीही कधीकाळी हेच विचारत फिरले होते, म्हणून हसत नाही. फक्त उलट विचारते, "लघवीचे नमुने हाताळायची तयारी आहे का?" पलीकडे जरा शांतता पसरते.

किडनीचं काम म्हणजे गाळणं. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला बहुतेक सगळा शरीराला परत देतात. गाळण्या म्हणजे ग्लोमेरुलस, एकेका किडनीत साधारण १० लाख. निरोगी माणसाच्या लघवीतून दिवसाला १५० मिलिग्रॅमपेक्षा कमी प्रोटीन जातं. गाळणी बिघडली की हा आकडा ३.५ ग्रॅमच्याही वर चढतो. लघवीला साबणासारखा फेस येतो, सकाळी डोळ्यांखाली सूज दिसते. बऱ्याच रुग्णांमध्ये ही गाळणी बिघडवणारी त्यांची स्वतःचीच प्रतिकारशक्ती असते. ती नेमकी कुठल्या प्रोटीनवर उठली आहे, हे हुडकायचं. प्रतिकारशक्तीचा अभ्यास म्हणजे इम्युनॉलॉजी आणि नमुन्यातली सगळी प्रोटीनं एकत्र ओळखायचं-मोजायचं शास्त्र म्हणजे प्रोटिओमिक्स, ही दोन्ही इथे एकत्र येतात.

पहिलं वर्ष मात्र हुडकण्यात जात नाही, चुका करण्यात जातं. निरोगी लघवीत सगळ्यात जास्त असतं ते युरोमोड्युलिन हे प्रोटीन. टॅम आणि हॉर्सफॉल यांनी १९५० साली ते वेगळं केलं. थंडीत ते गोळा होऊन तळाला बसतं आणि जाताना दुसरी प्रोटीनंही ओढून नेतं. फ्रीझरमधून काढलेली नळी नीट न हलवता वरचं पाणी घेतलंत, तर तुमचा अर्धा प्रयोग तळाशीच राहिला. रुग्णाच्या लघवीत वेगळीच पंचाईत. तिथे रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रोटीनचा इतका पूर असतो की बारकी प्रोटीनं त्यात दिसेनाशी होतात.

मग केराटिन, म्हणजे कातडी, केस आणि लोकरीतलं प्रोटीन. ट्रिप्सिन या एन्झाइमने प्रोटीनचे तुकडे करून मशीनला द्यायचे आणि तुकड्यांवरून मूळ प्रोटीन ओळखायचं, ही आपली रीत. पण मशीनला तुमची कातडी आणि रुग्णाची किडनी यातला फरक कळत नाही. एका डिसेंबरात माझ्या निकालांत मेंढीचं केराटिन निघालं. गाइडनी काही न बोलता माझ्या लोकरी स्वेटरकडे बोट दाखवलं. तो आईने विणलेला होता. तेव्हापासून तो लॅबच्या दाराबाहेर खुंटीवर.

खरी फजिती दुसऱ्या वर्षी झाली. काही स्त्री रुग्णांच्या नमुन्यांत हिमोग्लोबिन आणि कार्बॉनिक अनहायड्रेज दणदणीत वाढलेलं दिसलं. मी रात्रभर जागून आलेख काढले. आजाराची नवी खूण सापडली, पेपर नक्की, अशी खात्रीच झाली. सकाळी विभागातल्या सिस्टरांना सहज सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, त्यांची पाळी चालू होती का, विचारलंस का?" नव्हतं विचारलं. मी, एक बाई असून, नव्हतं विचारलं! लाल रक्तपेशीतली दोन ठळक प्रोटीनं मी किडनीच्या नावावर मांडली होती. त्या दिवशी नमुना घेताना भरायच्या फॉर्मवर पहिला प्रश्न वाढला.

हा विषय कसा विचार करायला लावतो ते पाहायचं असेल, तर मेंब्रेनस नेफ्रोपथीची गोष्ट वाचा. या आजारात अँटिबॉडी (प्रतिकारशक्तीची हल्ला करणारी प्रोटीनं) ग्लोमेरुलसच्या पडद्याबाहेर साचतात. उंदरांमधलं तसलंच मॉडेल हेमन यांनी १९५९ मध्ये दाखवलं होतं, पण मोठ्या माणसांतलं लक्ष्य, म्हणजे अँटिबॉडी ज्यावर उठते ते प्रोटीन, पुढे अर्धं शतक सापडत नव्हतं. २००९ मध्ये बेक, सालँट आणि सहकाऱ्यांनी ते पकडलं: पीएलए२आर, ग्लोमेरुलसच्या पेशींवरचं एक प्रोटीन. प्राथमिक मेंब्रेनसच्या सुमारे ७० टक्के रुग्णांत त्याविरुद्धची अँटिबॉडी मिळते. मला भावतो तो त्यातला एक बारकावा. प्रोटीनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर चढवण्याआधी त्यांची घडी धरून ठेवणारे डायसल्फाइड बंध तोडायला मर्कॅप्टोइथेनॉल घालायचं, ही सगळ्यांची सवय. ते घातलं की रुग्णांच्या अँटिबॉडीला हे प्रोटीन ओळखूच येत नाही, कारण ती त्याची घडी ओळखते. बेक आणि सहकाऱ्यांनी ते न घालता ब्लॉट केला, म्हणजे जेलवरची प्रोटीनं कागदासारख्या पडद्यावर उतरवून त्यावर रुग्णांच्या अँटिबॉडी सोडल्या, आणि १८५ किलोडाल्टन वजनाच्या आसपास पट्टी उमटली. मास स्पेक आलं ते त्यानंतर, त्या पट्टीचं नाव सांगायला.

पुढे पद्धत पालटली. बायॉप्सीच्या मेणातल्या कापातून लेझरने फक्त ग्लोमेरुलस कातरून घ्यायचे आणि त्यातली प्रोटीनं थेट मोजायची. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या गटाने याच वाटेने नेल-१ हे आणखी एक लक्ष्य शोधलं. ग्लोमेरुलसमध्ये नेल-१ साचलंय, एवढं मशीन सांगतं. ते का साचलं, याचं उत्तर आपल्या देशात रुग्णांशी बोलून मिळालं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये दाखवलं की त्यांच्या नेल-१ रुग्णांपैकी अनेक जण पारंपरिक औषधं घेत होते आणि त्या औषधांत पारा होता. केरळात कोट्टक्कलच्या डॉक्टरांकडे मेंब्रेनसचे २२ रुग्ण आले. त्यातले १५ नेल-१ चे, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरं होण्याची क्रीम लावत होते. अनेकांचं औषध किंवा क्रीम बंद केल्यावर लघवीतलं प्रोटीन उतरलं. अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींची अशीच बातमी पेपरात आली होती. ती वाचली तेव्हा मला आमच्या सिस्टरांचा प्रश्न आठवला.

आता व्यवहाराचं. बायोकेमिस्ट्री, बायोटेक, मायक्रोबायॉलॉजी, झूऑलॉजी, कशातूनही येता येतं. सीएसआयआर-नेट ही राष्ट्रीय परीक्षा काढलीत तर २०२३ पासून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती महिन्याला ३७,००० रुपये आहे. ती वेळेवर येईलच असं धरून घरभाडं ठरवू नका. महाराष्ट्रात पुण्याला एनसीसीएस, आयसर आणि एनसीएल या संशोधन संस्था आहेत. आयआयटी मुंबईत प्रोटिओमिक्सचं मोठं केंद्र आहे. पण लॅब निवडताना मशीनचं मॉडेल विचारू नका. तिच्याशी जोडलेलं हॉस्पिटल कुठलं आणि तिथला पॅथॉलॉजिस्ट तुम्हाला शेजारी बसू देईल का, ते विचारा. मशीनवर वेळ भाड्याने मिळतो. नीट गोळा केलेली बायॉप्सी मिळत नाही. एथिक्स कमिटीच्या मंजुरीला महिने जातात, तेव्हा तो अर्ज पहिल्या आठवड्यातच लिहायला घ्या.

प्रवेश मिळेपर्यंत हात बांधून बसायची गरज नाही. ह्यूमन प्रोटीन ॲटलास या वेबसाइटवर जाऊन किडनीत नेफ्रिन हे गाळणीतलं प्रोटीन कुठे रंगतं ते पाहा. प्राइड या भांडारात जगभरच्या लॅबचा कच्चा डेटा फुकट आहे. मॅक्सक्वांट हे सॉफ्टवेअरही फुकट. एक जुना डेटा उतरवून स्वतः चालवा, आणि आकडेमोडीसाठी आर ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिका. मी ते उशिरा शिकले आणि त्यापायी एक्सेलमध्ये आयुष्यातले किती शनिवार घालवले, ते सांगवत नाही.

इम्युनॉलॉजी कंटाळवाणी वाटली तरी टाळू नका. पीएलए२आरच्या आजारात साचलेल्या अँटिबॉडीत आयजीजी४ हा अँटिबॉडीचा उपप्रकार जास्त असतो, नेल-१ मध्ये बहुधा आयजीजी१. प्रोटीनच्या यादीत हा फरक एका ओळीत दडलेला असतो, आणि काय शोधायचं हे ठाऊक नसेल तर नजर त्यावरून घसरून जाते.

आमचा फॉर्म आता दोन पानी झालाय. पाळी, ताप, आदल्या दिवशीचा व्यायाम, काढे, भस्मं. शेवटचा प्रश्न नवा आहे: चेहऱ्याला काय लावता? डबी घरी असेल तर पुढच्या वेळी घेऊन या.